आधी डोकी मोजा, मग बंदुका

(सोलापुरात झालेल्या एका सायंकाळच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय: ‘सांघिक शूटर गेममधला समतोल आणि संघातील खेळाडूंची संख्या’. मागच्या रांगेतले काका मघाशी विचारत होते, हे रायफल क्लबचं काही आहे का. नाही काका. रात्री अकराला तुमचा नातू हेडफोन लावून “मागून आला बे, मागून आला” म्हणून ओरडतो ना, तो कॉम्प्युटर-मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ, तो विषय. आता आलाच आहात तर बसा, पंखा चांगला आहे इथला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी भरकटणार. अमुक बंदूक लै भारी, तमुक पात्र एकदम फालतू, अशी भांडणं पोरं रोज करतात. एका बाजूला माणसं किती, हे सांगितल्याशिवाय त्या भांडणाला अर्थ नाही. संख्या बदलली की त्याच बंदुकीची किंमत बदलते.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, एका नेट कॅफेच्या मालकाने शिकवलं. नाव घेत नाही, त्यांची माझी अजून गाठ पडते. काउंटर-स्ट्राइक नावाच्या बंदुकांच्या खेळाचे दिवस. खेळ पाचास पाचचा. कॅफेत कॉम्प्युटर दहा. झालं की बरोबर! पण दहावा मालकाचा. त्यावर हिशोब आहे म्हणायचे. हिशोब कसला, दिवसभर पत्ते लावायचे, लाल सत्तीवर काळी छक्की. आम्ही नऊजण तासाचे पैसे मोजून पाच विरुद्ध चार खेळायचो, आणि चाराच्या बाजूला कोण? मी. कारण माझं घर जवळ, मी आधी यायचो, आणि आधी आलेल्याला दाराजवळच्या चार मशीनपैकी एक मिळायचं. त्यात भारनियमनाचा काळ. दाराजवळच्या मशीनना बॅटरी नाही. लाइट गेली की आमचे चारही एकदम शहीद. (हशा) हसा. मला त्या वेळी हसू येत नव्हतं.

मग पंचांनी, म्हणजे तिथल्याच एका दाढीवाल्या थोराने, तोडगा काढला: सगळ्यात चांगला खेळणारा चाराच्या बाजूला द्यायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. तरी आम्ही हरायचोच. मालक पत्त्यातून मान न काढता म्हणायचे, “एकाने काय फरक पडतोय?”

काय फरक पडतो ते फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज मोटार इंजिनिअरने 1916 मध्ये मांडून ठेवलंय. दोन्ही बाजू एकमेकांना दिसतायत आणि सगळे एकदम नेम धरून गोळ्या घालतायत, असं समजा. मग संघाची ताकद माणसांच्या संख्येवर नाही, संख्येच्या वर्गावर ठरते. पाचाचा वर्ग पंचवीस, चाराचा सोळा. फरक नऊ, त्याचं वर्गमूळ तीन. म्हणजे नेम सगळ्यांचा सारखाच असेल तर चारजण साफ होतात तेव्हा समोर तीन उभे असतात. एक नाही, तीन! आता आमचा तो चांगला खेळाडू. सोळाला पंचवीसवर न्यायचं तर चौघांनी सरासरी दीडपटीहून जास्त चांगलं खेळायला हवं. तिघे जर साधेच असतील तर सगळा भार त्या एकावर, आणि ढोबळ हिशोबाने तो तिपटीहून भारी लागतो. तेवढा भारी असता तर दुपारच्या वेळी आमच्यात कशाला बसला असता?

पण एक गंमत. त्या खेळातल्या डस्ट-टू नावाच्या नकाशात, म्हणजे मैदानात, आम्ही ‘बी’ ही बॉम्ब लावायची जागा राखायला बसलो की कधीकधी चक्क जिंकायचो. बोगद्याच्या तोंडातून समोरचे एकामागून एक बाहेर पडतात. पाच असले तरी एका वेळी गोळी घालणारा एखाद-दुसराच. तिथे वर्गाचं गणित मोडतं आणि साध्या वजाबाकीचं लागू होतं, हेही लँचेस्टरनेच सांगितलंय. मैदान उघडं असेल तर डोकी महाग, गल्ली अरुंद असेल तर डोकी स्वस्त. नकाशा बनवणारा माणूस हा खरा पंच असतो, ते यामुळे.

आता काकांसाठी कबड्डी. सात जणांचा खेळ. बोनस रेषा कधी चालू असते? समोर निदान सहा बचावपटू असतील तेव्हाच. आणि बचावात तीन किंवा कमी उरले असताना चढाई करणाऱ्याला पकडलं तर सुपर टॅकल, एक गुण जादा. पकड तीच, घोटा तोच. डोकी कमी झाली म्हणून तिचा भाव वाढला. कबड्डीच्या नियमात हे उघड लिहिलंय. शूटर गेम बनवणारे तेच करायला बघतात, फक्त लपवून. आणि चुकले की पोरं बंदुकीला शिव्या देतात.

पार्क मैदानावर मी एकदा पाहिलं होतं, दोनच गडी उरलेले, आणि त्यातला एक... बरं, चिठ्ठी आली. “पाच मिनिटे”. म्हणजे मूळ विषय आता सुरू करायला हरकत नाही.

पटापट सांगतो. टीम फोर्ट्रेस 2 हा 2007 चा खेळ. पात्रं नऊ. सार्वजनिक सर्व्हरवर बारास बारा, पण स्पर्धेत चाललेला प्रकार मुख्यतः सहास सहा. त्यात स्पाय नावाचं पात्र आहे, शत्रूचा वेश घेऊन त्यांच्यात मिसळतं आणि पाठीत सुरी खुपसतं. बाराच्या गर्दीत कोण बघतंय? सहा जणांत प्रत्येकाला माहीत असतं आपले पाच कुठे आहेत. सातवा दिसला की संपला. सहा माणसांत बोलण्याच्या जोड्या पंधरा होतात, बारांत सहासष्ट. स्पाय त्या फरकावर जगतो. त्याच्या ताकदीचा एक आकडा न बदलता, नुसती माणसं कमी करून तो निकामी होतो. मेडिकचं, म्हणजे डॉक्टर पात्राचं, उलट. तो साथीदाराला आठ सेकंद अभेद्यपणा देतो. सहांत मेडिक एकच, तो मेला की चढाई थांबली. बारांत दोन-तीन असतात, एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू, मग समोरच्याने करायचं काय?

दुसरा खेळ ओव्हरवॉच. 2016 ला सहास सहा. 2022 मध्ये दुसरी आवृत्ती आणताना पाचास पाच केलं, काढला तो एक टँक, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारा. दोघांचं ओझं एकावर आलं, म्हणून त्याला जास्त दणकट करावं लागलं, आणि तो पडला की सगळा संघ उघडा. खेळणारे इतके कुरकुरले की डिसेंबर 2024 मध्ये सहास सहाची चाचणी परत घेतली. कॉल ऑफ ड्यूटीच्या व्यावसायिक स्पर्धा चारास चारच्या पाचास पाच झाल्या आणि 2021 च्या हंगामात पुन्हा चारावर आल्या. उलट टोकाला बॅटलफिल्ड 2042, 2021 मध्ये एका सामन्यात 128 माणसं. पोस्टरवर छान दिसतं. पण चौसष्ट विरुद्ध चौसष्टमध्ये तुमच्या एका चुकीला किंमत नाही आणि एका पराक्रमालाही नाही. पुढच्या बॅटलफिल्डमध्ये परत एकूण 64.

बीजीएमआयवाले, म्हणजे मोबाइलवर शेवटपर्यंत जगायचा तो खेळ खेळणारे, हात वर करू नका, येतोय. तिथे चौघांच्या स्क्वॉडमध्ये गोळ्या लागून पडलात तर ‘नॉक’, दोस्त येऊन उठवू शकतो. सोलोमध्ये, म्हणजे एकटे खेळताना, पडलात की मेलात. मग “ही स्नायपर बंदूक भारी की ती” हे मला सोलो की स्क्वॉड न सांगता विचारू नका.

आणि शेवटचं, कॉलेजात स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी, कारण दर वर्षी एक संघ चारच पोरं घेऊन येतो आणि तुम्ही “घ्या खेळून” म्हणता. काउंटर-स्ट्राइकमध्ये विंगमन नावाचा दोघादोघांचा प्रकार आहे. त्यात नुसती माणसं कमी केलेली नाहीत, बॉम्ब लावायची जागाही एकच ठेवली आहे आणि नकाशाचा उरलेला भाग बंद केलाय. तुम्हाला तसा नकाशा बनवता येणार नाही, मान्य. मग निदान समोरचा एक गडी बाहेर बसवा, आणि चार-चारचा सामना आहे हे निकालाच्या फळ्यावर लिहा.