नंदाखालचे फादर

नमस्कार, श्रोतेहो.

25 जुलै 2024, गुरुवार. पावसाचा दिवस कोण विसरेल? पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलेलं, इकडे मुंबई-वसईकडेही आभाळ फाटलेलं. त्याच दिवशी वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले.

दिवसभर बातम्यांत एकच ओळ फिरत होती : साहित्य संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. गोष्ट खरी आहे. जानेवारी 2020, उस्मानाबाद, 93वं संमेलन. पाठीच्या दुखण्यानं बेजार झालेले फादर व्हीलचेअरवरून मंचावर आले होते. त्याआधी त्यांच्या निवडीला विरोध करणारे फोनही येऊन गेले होते. पण खरं सांगू? ‘पहिले ख्रिस्ती’ हे शब्द मला खटकतात. जणू कुणी पाहुणा दारात आला आणि आपण मोठ्या मनानं त्याला पाट मांडला! अहो, 1616 साली गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत बांधलं. रेव्हरंड टिळक अभंग लिहून गेले. या घरात फादर पाहुणे कधीच नव्हते.

आमचं घर ख्रिस्ती नाही, तरी ‘सुवार्ता’ यायचा. 1983 ते 2007 फादर त्याचे संपादक होते. चर्चचं मासिक म्हणून वडील आधी जरा बिचकत चाळायचे. मग त्यात तुकोबा सापडले, आणि अंक आधी कुणी वाचायचा यावरून घरात कुरबुर सुरू झाली. पुढे फादरांनी बायबल सुबोध मराठीत आणलं. देवळात जाणाऱ्यालाही ते उघडून बसावंसं वाटेल, अशा भाषेत. पानावर अडखळायला होत नाही. धर्मग्रंथ मराठीत आणताना हे साधणं किती अवघड, ते ज्यांनी करून पाहिलंय त्यांना विचारा.

आणि मग पाणी. वसईबाहेरच्या श्रोत्यांना ‘बावखल’ हा शब्द कदाचित माहीत नसेल. वाडीतलं खोलगट तळं. पावसाळ्यात ते भरतं, त्याचं पाणी जमिनीत मुरतं, ते विहिरीला लागतं आणि विहिरीवर केळी, पानवेली, फुलझाडं जगतात. शहर वाढलं तशी बावखलं बुजवली गेली. रात्री-अपरात्री टँकर विहिरी उपसू लागले. उपसा वाढला की समुद्र आत सरकतो आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर सहजी गोडी धरत नाही. फादर हरित वसई संरक्षण समिती घेऊन या सगळ्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. पलीकडे बिल्डर आणि गुंड, अलीकडे एक धर्मगुरू आणि वाडीवाले. पाद्र्यानं मिस्सा म्हणावी, मोर्चे कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. फादरांना मात्र या दोन कामांत अंतर दिसत नव्हतं.

‘मूठमाती देणं’ आपण सहज बोलून जातो. ख्रिस्ती दफनात ती खरोखरच देतात. शवपेटी खाली उतरली की एकेक जण पुढे येतो, वाकतो, मूठ भरतो. जुलैत वसईची माती बोटांना चिकटून राहते, झटकली तरी सुटत नाही.

विरारच्या पश्चिमेला गेलात तर नंदाखालकडे जरूर वळा. फादरांचं गाव ते. चर्च तर बघालच, पण वाडीतली उरलेली बावखलंही बघा. पावसाळ्यात ती काठोकाठ असतात.