शिमग्यात वाहणारा पऱ्या

नमस्कार, श्रोतेहो.

शिमग्याच्या दिवसांत एरवी आटणारा वाडीतला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, एखाद्या वर्षी वाहताना दिसला, की बरं वाटतं. पण ते पाणी आलं कुठून?

आपल्या कोकणात आता घरोघर नळ आला. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. शंभर माणसांच्या वाडीत साडेपाच हजार लिटर झाले, तेही पुष्कळदा लांबच्या विहिरीतून आणलेले. न्हाणीचं, मोरीचं पाणी माडाला, अळवाला जातं; ती आपली जुनी, चांगली रीत. संडासाचं मात्र सेप्टिक टाकीत, तिथून शोषखड्ड्यात, आणि खड्ड्यातून जमिनीत. उताराच्या वाडीत ते खाली झिरपत पऱ्याला मिळतं.

यानं पऱ्याला पाणी वाढतं, हे खरं आहे. अमेरिकेत अटलांटा शहराजवळच्या ग्विनेट काउंटीत 2007 च्या दुष्काळात ओढ्यांची मोजणी झाली. घरगुती सेप्टिक टाक्या जिथे दाट, तिथल्या ओढ्यांना जास्त पाणी निघालं. आपलं पाणी आपल्याच परसातल्या विहिरीचं असेल, तर मात्र ही वाढ नव्हे. जमिनीतून घेतलेलंच थोडं कमी होऊन परत जातं.

आता ते पाणी कसलं, ते बघू. टाकीत मैलापाणी शुद्ध होतं, असा आपला मोठा गैरसमज आहे. टाकीत फक्त गाळ खाली बसतो आणि काही अंशी कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. खरी गाळणी म्हणजे खड्ड्याभोवतीची कोरडी, बारीक माती. तिच्यात जंतू अडकून मरतात. आपली लोहाची तांबडी माती फॉस्फरसही बराच धरून ठेवते. नायट्रोजनचं तिथे नायट्रेट होतं, आणि ते मात्र मातीला न चिकटता पाण्याबरोबर निघून जातं.

आणि आपल्या खाली काय आहे? जांभा! चिरा हातात घेऊन पाहा, आरपार भोकं दिसतील. त्या भोकांतून पाणी गाळल्याशिवाय धावतं, खालच्या चिकण मातीवर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. आषाढात तर भूजल इतकं वर चढतं, की शोषखड्डाच पाण्यात उभा राहतो. मग कोरडी माती उरतच नाही.

उन्हाळ्याकडे पऱ्यात पाणी थोडं, त्यामुळे घाण विरळ होत नाही. कच्च्या बंधाऱ्याआड साठलेल्या पाण्यावर हिरवं शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. त्याच बंधाऱ्यावर आपल्या बायका कपडे धुतात, मुलं डुंबतात. याचं मला फार वाईट वाटतं.

विहिरीचं पाणी नितळ दिसतं, म्हणून विश्वास ठेवू नका. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं तर उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला वरचं दूध देताना हे फार जपायला हवं, कारण नायट्रेट जास्त झालं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा, असं भारतीय मानक सांगतं. जांभ्यात मी तेवढ्यावर विसंबणार नाही. खड्ड्याचा तळ बंद करावा, भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरावी. टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवा. पायऱ्यांच्या पाखाडीवरून गाळ उपसणारी गाडी येत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून टाकीची जागा ठरवतानाच गाडीचा पाइप कुठवर पोचेल, ते पाहून ठेवा.

मे महिन्यात गवंडी फक्कीनं शोषखड्ड्याची आखणी करायला येईल. त्याच्या आदल्या दिवशी उतारावरच्या खालच्या घरी जा, आणि त्यांची विहीर कुठे आहे ते स्वतः बघून या.

नमस्कार.