मक्याने काय टाकलं, काय ठेवलं

नमस्कार. शेती शिकणारे, शिकवणारे आणि प्रत्यक्ष करणारे असे तिघेही इथे बसलेत, त्यामुळे जनुक म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. जीनोम, म्हणजे सजीवाचा सगळा जनुकसंच, दुप्पट झाल्यावर जास्तीच्या जनुकांचं काय होतं, काही का जातात, काही का टिकतात, हा आजचा विषय. उदाहरण मक्याचं, आणि शेजारी आपली ज्वारी.

आधी एक तक्रार मांडू द्या, बरीच वर्षं मनात आहे. एका परीक्षेत प्रश्न होता : मका द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) की बहुगुणित (दोनांहून जास्त संच असलेला)? एका शब्दात उत्तर द्या. एका मुलीने लिहिलं, ‘दोन्ही’, आणि खाली चार ओळींत कारण दिलं. गुण शून्य! नमुना उत्तरात ‘द्विगुणित’ होतं. फेरतपासणीत तो पेपर माझ्यासमोर आला. तिने लिहिलं होतं की मक्यात गुणसूत्रांच्या १० जोड्या, ज्वारीतही १०, म्हणून मोजणीत दोघं सारखे. पण ज्वारीच्या गुणसूत्राचा कुठलाही तुकडा घेतला, तर त्याला जुळणाऱ्या जागा मक्यात दोन सापडतात. याहून नेमकं उत्तर मीही दिलं नसतं. गुण वाढवा म्हणून मी भांडलो. ‘एका शब्दात विचारलंय’ एवढंच ऐकायला मिळालं. अशी मुलं पुढे प्रश्न विचारणं सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण ती बरोबर होती. मक्याच्या पूर्वजात दोन जवळच्या गवतांचे जीनोम एकत्र आले. गुणसूत्रं दुप्पट झाली, मग तुटली, एकमेकांना जोडली गेली आणि पुन्हा दहा जोड्यांवर आली. नुसती मोजली तर यातलं काहीच कळत नाही. ब्रँडन गॉट आणि जॉन डोबली या संशोधकांनी १९९७ मध्ये मक्यातल्या जोडजनुकांची डीएनएतली अक्षरं ताडून ही दोन घराणी, म्हणजे त्या दोन गवतांकडून आलेले जनुकांचे दोन संच, दाखवली. २००९ मध्ये ज्वारी आणि मका दोघांचेही जीनोम प्रसिद्ध झाले, आणि चित्र उघडं पडलं.

बरं, हात वर करा : माणसाने मक्याचं पीक घडवताना हे दुप्पट होणं झालं, असं किती जणांना वाटतं? बरेच हात आहेत! मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे गवतापासून मका घडला, त्याला सुमारे ९ हजार वर्षं झाली. जीनोम दुप्पट झाला तो ५० लाख ते सव्वा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा शेती नव्हती, शेतकरीही नव्हता. (ज्वारीही अगदी कोरी नाही. सगळ्या गवतांच्या पूर्वजात याहून कितीतरी जुनं एक दुप्पट होणं आहे, ते भातातही दिसतं. पण तिकडे आज वळत नाही.)

आता ज्वारीवरची ओळीने दहा जनुकं डोळ्यांसमोर आणा. मक्यातल्या एका जुळत्या जागी त्यातली पहिली, तिसरी, चौथी, सातवी सापडतील. दुसऱ्या जागी दुसरी, तिसरी, पाचवी. एकाच पोथीच्या दोन कसर लागलेल्या प्रती शेजारी ठेवाव्यात, तसं. इथली गाळलेली ओळ अनेकदा तिथे मिळते. तिसरं जनुक मात्र दोन्हीकडे आहे. असं का, हाच माझा आवडता प्रश्न.

त्याचं एक उत्तर डोळ्यांनी दिसतं. काही मक्यांचे दाणे जांभळे असतात, तर काहींचं खोडच जांभळं असतं. हा रंग तयार करायला दोन प्रथिनांची जोडी लागते. दाण्यात हे काम मुख्यतः सी-वन आणि आर-वन करतात, खोडापानांत पीएल-वन आणि बी-वन. सी-वन आणि पीएल-वन या एकाच जुन्या जनुकाच्या दोन प्रती. आर-वन आणि बी-वनचंही तसंच. जोडीच्या जोडी दुप्पट झाली आणि अवयव वाटून घेतले गेले. पीएल-वनचं रूप कमजोर असलं की ऊन पडेल तिथेच लाली येते. अशा कणसाचं बाहेरचं पान सोला, आतलं हिरवंगार निघतं. विद्यार्थ्यांना हे मी शेतातच दाखवतो, आणि दरवेळी कुणीतरी उरलेली सगळी कणसं सोलून बघतंच.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, आणि मुख्य मुद्दा राहिलाय. भरभर सांगतो.

जनुकं जातात ती बहुधा लहान लहान तुकडे गळून. पण दोन्ही घराण्यांतून सारखी जात नाहीत. मक्याच्या एका घराण्यातून कमी गेली, दुसऱ्यातून जास्त. ज्या प्रतीचं काम आधीच मंद होतं, ती सहसा गेली.

आणि टिकतात कोण? इतर जनुकांना चालू-बंद करणारी, रायबोसोमची (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची) प्रथिनं बनवणारी, म्हणजे ज्यांना ठराविक प्रमाणात जोडीदार लागतात अशी. सगळा जीनोम दुप्पट झाला तर प्रमाण कायम राहतं. नंतर त्यातलं एकच गेलं की बिघडतं. म्हणून ती टिकतात. केवळ उपयोगी म्हणून टिकत असती, तर एकेकटी दुप्पट झाल्यावरही टिकायला हवी होती. तिथे चित्र नेमकं उलटं आहे : एकेकट्या दुपटीत रोगप्रतिकाराची जनुकं पुष्कळ साठतात, ही प्रमाणात बांधलेली क्वचितच. ‘उपयोगी ते उरलं’ हे सोपं स्पष्टीकरण मला त्यामुळेच पटत नाही. डीएनए दुरुस्त करणारी जनुकं तर वेगवेगळ्या वनस्पतींत दुपटीनंतर पुन्हा पुन्हा एकाच प्रतीवर येतात.

पैदासकारांसाठी शेवटचं. मक्यात एक जनुक बंद केलं आणि झाडात फरक दिसला नाही, तर ते निकामी ठरवू नका. जोडीदार दुसऱ्या घराण्यात बसलेला असू शकतो. आधी दोन्ही जागा तपासा. शक्य असेल तर तोच बदल ज्वारीत करून बघा, तिथे त्या जनुकाची बहुधा एकच प्रत असते आणि परिणाम झाकला जात नाही. आता प्रश्न घेतो, मागच्या रांगेपासून सुरुवात करू.