आधी अंदाज, मग उत्तर

(दृश्य : प्राथमिक शाळेचा वर्ग. टेबलावर पाण्याने भरलेलं पसरट भांडं, शेजारी रंगीत क्लेचा गोळा.)

तिसरीच्या वर्गात विज्ञानाचा तास सुरू झालाय. फळा अजून कोरा आहे.

"हा गोळा पाण्यात टाकला तर काय होईल? आधी वहीत लिहा. मगच टाकणार," बाई सांगतात.

गोळा आधी टाकला असता तर तो बुडाला असता, मुलांनी "हो बाई" म्हटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. आता प्रत्येकाने लिहून दिलंय. आपलं खरं होतं का, हे बघायला मागच्या बाकावरची मुलंही उभी राहिली आहेत.

गोळा बुडतो. बहुतेकांचा अंदाज बरोबर निघतो. खरा प्रश्न यानंतर येतो : हीच क्ले तरंगवून दाखवा. कमी करायची नाही, वाढवायची नाही.

(दृश्य : गटागटाने क्ले दाबणारे, वळणारे हात.)

पहिला गट तिची चपटी चकती करतो. ती बुडते. दुसरा गट लांब वळी करतो. तीही बुडते. मग कुणीतरी चकतीच्या कडा वर उचलते, वाटीसारखा आकार येतो आणि तो तरंगतो. लगेच आरोप होतो : "बाई, यांनी क्ले काढून ठेवली!" तराजू येतो. वजन तेवढंच भरतं.

वजन तेच, मग बदललं काय? पोकळ आकार गोळ्यापेक्षा जास्त पाणी बाजूला सारतो. सारलेल्या पाण्याचं वजन क्लेच्या वजनाएवढं झालं की क्ले तरंगते. लोखंडी जहाज तरंगतं ते याच कारणाने. हे वाक्य तासाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर पाठ झालं असतं, एवढंच. आता मुलं त्या वाटीत एकेक गोटी ठेवत आहेत. कितव्या गोटीला ती बुडेल, याचाही अंदाज आधी लिहून.

शिक्षकांसाठी इथे एकच कडक नियम आहे : चुकलेला अंदाज खोडायचा नाही. त्याच्याखाली काय घडलं ते लिहायचं. खोडरबर हाताशी असला की सगळ्यांचे अंदाज बरोबर निघतात!

आणि थांबायचं. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्गासमोर उभं राहून ३ सेकंद गप्प बसणं फार जड जातं.

भाषेच्या तासाला हीच युक्ती चालते. गोष्ट ऐन वळणावर थांबवायची आणि पुढे काय होईल ते शेजाऱ्याला सांगायला लावायचं. पाढ्यांना मात्र ती लागू नाही. पाढे म्हणूनच पाठ होतात, तिथे उगाच उपक्रम शोधू नये. रात्र जागून केलेल्या चकचकीत तक्त्यांबद्दलही तेच म्हणावं लागेल : त्यात कष्ट शिक्षकांचे, मुलांना फक्त बघायचं असतं.

(दृश्य : मोकळं मैदान. जमिनीत उभी रोवलेली काठी, सावलीच्या टोकाशी खडूच्या खुणा.)

चौथीचा वर्ग सावली मोजतोय. दर तासाला एक खूण, आणि पुढची कुठे पडेल याचा अंदाज आधी. पहिल्या खुणांमधलं अंतर बघून मुलांनी पुढच्याही तेवढ्याच अंतरावर आखल्या. सूर्याने ते ऐकलं नाही. दुपार जवळ आली तशी सावली आखडत गेली, पण प्रत्येक वेळी कमी कमी. सगळ्यात आखूड सावली घड्याळात बरोबर बारालाच पडेल, असं वर्गाचं मत होतं. साडेबाराची सावली त्याहून आखूड भरली.

उद्या साडेअकरा ते एक, दर दहा मिनिटांनी खूण करायची, असं मुलांनीच ठरवलंय. मधली सुट्टी नेमकी त्यातच येते. ती कुणी सोडायची, यावर वाद चालू आहे.