नव्वद मीटरांत थांबायचं

(दृश्य: अरबी समुद्र, आयएनएस विक्रमादित्य. नौदलाची चित्रफीत. इंजिनाचा मूळ आवाज ठेवावा.)

11 जानेवारी 2020. सकाळचे दहा वाजलेत. विक्रमादित्यच्या मागून एक विमान येतंय. चाकं खाली, आणि शेपटीखाली एक हूक, तोही खाली सोडलेला. आता बघा.

(विमान डेकवर टेकते. इथे निवेदन नाही.)

पुन्हा बघू, जरा सावकाश. चाकं टेकली. डेकवर आडवी ताणलेली पोलादी दोरी हूकने पकडली. दोरीचा मध्य पुढे ओढला जातोय, दोन्ही बाजूंनी ती सुटत चाललीय. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने आलेलं विमान नव्वद मीटरांच्या आसपास थांबलं.

हे तेजस आहे. नौदलासाठी बांधलेलं दुसरं नमुना विमान, नाव एनपी-2. आत कमोडोर जयदीप मावळणकर. भारतात तयार झालेलं लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरलं ते या दिवशी, पहिल्यांदाच. ही काही सेकंदांची दृश्यं देशाने टीव्हीवर पाहिली, फोनवर एकमेकांना पाठवली. त्याआधीची आठ वर्षं मात्र चाचणीवाल्यांखेरीज कुणी पाहिली नाहीत. आपण तिकडे जाणार आहोत, पण आधी सोलापुरात.

(दृश्य: होटगी रोड विमानतळ. गोव्याहून आलेले विमान उतरते आहे.)

होटगी रोड. जून 2025 पासून गोव्याचं विमान इथे येतं. पंख्यांचं एटीआर. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून, पोरांना टाकीवर बसवून लोक बघत थांबतात. विमानाची वाट या गावाने किती पाहिली ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि विमानांच्या आड आलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीचा विषय आपण इथे काढत नाही.

विमानाच्या नाकाकडे लक्ष ठेवा. जमीन जवळ आली की वैमानिक नाक किंचित उचलतो. खाली येण्याचा वेग मरतो, विमान क्षणभर तरंगतं आणि चाकं अलगद लागतात. पुढे दोन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी पडलीय. घाई कसलीच नाही.

जहाजावर ही चैन नाही. तिथे नाक उचललं की विमान तरंगत पुढे जाणार, आणि दोऱ्या मागे राहणार. विक्रमादित्यवर दोऱ्या तीनच. म्हणून ज्या कोनात खाली येत होता, त्याच कोनात डेकवर आपटायचं. सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने खाली येणारं काही टनांचं यंत्र, आणि तो सगळा दणका चाकांच्या दांड्यांनी सोसायचा. हवाई दलाच्या विमानावर याच्या निम्मा भारही सहसा येत नाही.

आणि आणखी एक. चाकं टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. थांबायचं असताना पूर्ण जोर! कारण हूकने दोरी धरली नाही, तर पुढे डेक संपतो आणि खाली समुद्र असतो. तिथून पुन्हा उडायचं, तर जोर आधीच लागलेला हवा.

(दृश्य: अक्कलकोट रोड, यंत्रमागाचा कारखाना. धोट्याचे जवळचे दृश्य. आवाज आधी पूर्ण, मग कमी.)

हा टॉवेलचा माग. या पेटीतून आडवा धागा नेणारा धोटा सुटतो, ताण्याच्या दोन थरांमधून पलीकडच्या पेटीत जातो आणि तिथे वीतभर जागेत थांबतो. लगेच परत सुटतो. पेटीतली दाबपट्टी त्याला धरते, चामड्याचा पट्टा धक्का झेलतो. दाब कमी पडला तर धोटा उसळून मागे येतो. जास्त झाला तर कांडीवरचं सूत सरकतं, धागा तुटतो. हे जॉबर पान्याने दाब जुळवताहेत. त्यांना जहाजावरची ती दृश्यं फोनवर दाखवली. दोनदा बघितली आणि म्हणाले, "धोटा फेकायला काय लागतंय हो, पेटीत बसला पायजे की."

जहाजावर हे जुळवणं डेकखाली चालतं. दोरीची टोकं हायड्रॉलिक यंत्रणेला जोडलेली असतात. उतरणाऱ्या विमानाचं वजन किती, इंधन किती उरलंय, त्याप्रमाणे यंत्रणा किती जोराने आवरेल ते आधीच लावून ठेवतात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. 18 जानेवारी 1911, सॅन फ्रान्सिस्कोची खाडी. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया या युद्धनौकेवर लाकडी फलाट बांधलाय. त्यावर आडव्या दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती. युजीन एली नावाच्या तरुणाने विमानाखाली आकडे लावले आणि त्या दोऱ्यांमध्ये विमान उतरवलं. फोटोत त्याच्या अंगावर नळ्या दिसतात, त्या सायकलच्या ट्यूब आहेत. पाण्यात पडलोच तर तरंगावं म्हणून गुंडाळलेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका प्रदर्शनात विमान कोसळून तो गेला.

(दृश्य: बोगमाळो, नौदल हवाई संग्रहालय. सी हॉक, मग सी हॅरियर.)

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमानांचं संग्रहालय आहे. बीचवर जाणारे बरेच जण बाहेरून पुढे निघून जातात. जाऊ नका, उतरा.

हे सी हॉक. 1961 मध्ये पहिली आयएनएस विक्रांत नौदलात आली, तिच्यावरचं हे लढाऊ विमान. शेपटीखाली वाकून बघा. हाच तो हूक. रंगाचे थर चढलेत, पण टोकाची खाच अजून दिसते. 1971 मध्ये कॉक्स बझारवर हल्ले करून परतलेली सी हॉक विमानं याच आकड्याच्या भरवशावर विक्रांतवर उतरली.

आता शेजारचं सी हॅरियर. याच्याखाली कितीही शोधा, हूक सापडणार नाही. याला लागतच नाही. ही चार तोंडं दिसताहेत ना, ती खाली वळवली की विमान हवेत उभं राहतं आणि सरळ डेकवर बसतं. 1983 मध्ये ही विमानं आली आणि तीसहून अधिक वर्षं त्यांनी नौदल सांभाळलं. देखणं विमान, वाद नाही. पण पुढे काय झालं बघा. विक्रांतवरून हूकवाली आलिझे विमानं काढली गेली, विराट हे दुसरं विमानवाहू जहाज आलं ते हॅरियर घेऊन, आणि दोरी-हूकचा धंदा आपल्या जहाजांवरून जवळपास एका पिढीसाठी बंद झाला. नोव्हेंबर 2013 मध्ये विक्रमादित्य ताब्यात आली, तेव्हा तो पुन्हा मुळापासून शिकायचा होता. मिग-29के रशियाकडून आलं होतं, ते कसं उतरवायचं हे शिकवणारेही तिकडचेच. तेजसला शिकवणारं कुणी नव्हतं. जे विमान कुणी जहाजावर कधी उतरवलंच नाही, त्याची शिकवणी कोण घेणार?

(दृश्य: बेंगळुरू. नौदल आणि डीआरडीओ यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रफिती. इथून पुढे तीच.)

नौदलाच्या तेजसला सरकारची मंजुरी मिळाली 2003 मध्ये. पहिलं नमुना विमान, दोन आसनांचं एनपी-1, हँगरबाहेर आलं जुलै 2010 मध्ये. हवाई दलाचं तेजस आणि हे शेजारी उभं केलं तर फरक दिसतो. याचं नाक खाली झुकलेलं आहे, उतरताना वैमानिकाला डेक दिसावं म्हणून. पंख जिथे धडाला मिळतो तिथे पुढच्या कडेला एक हलती पट्टी आहे, कमी वेगातही विमान हाताशी राहावं म्हणून. पाय जाडजूड. बाहेरून दिसत नाही ते मागच्या बाजूचं मजबूत केलेलं हाड. हूकने दोरी धरली की सगळा हिसका तिथे बसतो.

27 एप्रिल 2012. पहिलं उड्डाण, 22 मिनिटांचं. पुढे मावळणकर, मागे विंग कमांडर मालतेश प्रभू. प्रभू फ्लाईट टेस्ट इंजिनिअर, म्हणजे चाचणी आखून तिचे आकडे तपासणारा अभियंता. सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या एका वर्गात आम्ही हे पद विचारलं. पायलट व्हायचंय म्हणणारे पुष्कळ निघाले, हे पद कुणालाच माहीत नव्हतं.

(दृश्य: अभियांत्रिकीचा वर्ग, फळ्यावर कोनाची आकृती.)

म्हणून थोडं थांबून सांगतो. चाचणीचं विमान म्हणजे उडती प्रयोगशाळा. पायांवर, पंखांवर, हूकच्या मुळाशी ताण मोजणारी उपकरणं चिकटवलेली असतात. विमान वर असताना त्यांचे आकडे खाली जमिनीवरच्या खोलीत उमटत राहतात. तिथे एक जण पायाचा आलेख बघतो, एक इंजिनाचा, एक संगणकाच्या आज्ञांचा. कुणालाही रेषा वाकडी वाटली की त्या दिवसाचं काम बंद. आजचे आकडे तपासून झाल्याशिवाय उद्याचा वेग वाढवायचा नाही. आपल्याकडे उद्घाटनाला फीत कापणाऱ्याचा फोटो छापून येतो. त्या खोलीतल्या माणसांचा फोटो आम्हालाही मिळाला नाही.

(दृश्य: आयएनएस हंसा, गोवा. जमिनीवरची चढण.)

हे आयएनएस हंसा, नौदलाचा तळ. धावपट्टीलगत ही जी चढण दिसते, ती म्हणजे जमिनीवर बांधलेलं जहाजाचं वर वळलेलं नाक. सुमारे 14 अंशांचा चढ. जवळच जहाजावरच्यासारख्या दोऱ्या. हेलकावे तेवढे नाहीत, बाकी सगळं तेच. सोव्हिएत काळात क्रिमियातल्या साकी इथे असंच जमिनीवरचं डेक उभारलं होतं, त्या धर्तीवर हे केलं. चुकायचं ते इथे चुका, समुद्रावर नको.

20 डिसेंबर 2014. एनपी-1 चढणीसमोर उभं आहे. चाकांपुढे अडथळे उचललेले. मागून आग निघतेय, विमान थरथरतंय, पण जागचं हलत नाही. अडथळे खाली गेले आणि सुटलं.

(विमान चढणीवरून हवेत जाते. सावकाश दाखवावे.)

चित्र इथे थांबवू. चढण संपलीय, विमान हवेत आहे, पण नीट उडण्याइतका वेग अजून आलेला नाही. ते फेकलं गेलंय. वेग येईपर्यंतचे सेकंद चढणीने उसने दिलेत. या सेकंदांत वैमानिक दांडीला हात लावत नाही. कोन किती ठेवायचा, पट्ट्या किती हलवायच्या, ते विमानाचा संगणक ठरवतो. ती आज्ञावली बेंगळुरूत लिहिलेली आहे, आणि ती बरोबर आहे की नाही हे कळायला कुणीतरी आत बसून हात बाजूला ठेवावे लागतात. त्या दिवशी ते मावळणकरांनी ठेवले.

(दृश्य: वर्ष पाटीवर. 2016.)

डिसेंबर 2016 मध्ये तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी जाहीर केलं, की हे विमान जहाजावरून लढण्यासाठी जड पडतं, नौदल दुसरं शोधेल. चाचण्या चालू राहिल्या.

(दृश्य: हूक आणि दोरी, जमिनीवरच्या चाचण्या.)

उडणं जमलं होतं, आता हूक. आधी 2018 मध्ये विमान जमिनीवरूनच पळवत नेऊन दोरीत घातलं. पहिल्यांदा बेताच्या वेगाने, मग वाढवत. हूक दिसतो साधा, पण चाकं दोरीवरून गेली की दोरी दबते, उसळते, आणि नेमक्या त्याच क्षणी हूक तिथे पोचतो. हूक टेकताना उडाला तर दोरी खालून निसटते. यात अमेरिकेचेही हात पोळलेत. त्यांच्या एफ-35सी विमानाचा पहिला हूक दोरी धरेनाच, नवा बनवावा लागला. त्यांच्या नौदलाच्या चाचण्या करणारं व्हीएक्स-23 हे स्क्वाड्रन मेरीलँडमध्ये पॅटक्सेंट रिव्हरला असतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव गाठीशी. तरी ते विमान निमित्झ जहाजावर उतरायला नोव्हेंबर 2014 उजाडला. आपल्या विमानाला उशीर झाला म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

13 सप्टेंबर 2019. हंसाच्या दोऱ्यांवर तेजस हवेतून आलं आणि हूकने थांबलं. बाजूला रेडिओ घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे लँडिंग सिग्नल ऑफिसर. तो स्वतःही वैमानिकच. जरा खाली, जरा डावीकडे, असं शेवटपर्यंत सांगतो, आणि पटलं नाही तर परत पाठवतो. वैमानिकाने वाद घालायचा नसतो.

त्यानंतर चार महिन्यांनी विक्रमादित्य, ते आपण पाहिलंच. दुसऱ्या दिवशी, 12 जानेवारीला, तेच विमान जहाजाच्या चढणीवरून उडालं.

(दृश्य: आयएनएस विक्रांत, 2023.)

6 फेब्रुवारी 2023. ही नवी विक्रांत, कोचीत बांधलेली. तिच्यावर उतरणारं पहिलं देशी लढाऊ विमान हेच, नौदलाचं तेजस. मिग-29केही त्याच दिवशी उतरलं. जहाज इथलं, विमान इथलं. आमच्या संकलकाने या दृश्याखाली संगीत टाकलं होतं, ते काढून इंजिनाचा आवाजच ठेवलाय.

(दृश्य: हंसाची चढण, दुसरे विमान.)

जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सचं राफेल-एम हंसाच्या याच चढणीवरून उडवून तपासलं गेलं. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेल विमानांचा करार झाला.

एनपी-1 आणि एनपी-2 यांनी जमवलेले आकडे आता पुढच्या विमानाच्या आराखड्यात गेलेत. ते दोन इंजिनांचं, घडी होणाऱ्या पंखांचं, पहिल्या रेघेपासून जहाजासाठीच आखलेलं. काम बेंगळुरूत चालू आहे. त्याचं पहिलं उड्डाण अजून व्हायचंय, आणि त्याला फ्लाईट टेस्ट इंजिनिअर लागणार आहेत.