काझीचा शिक्का, पाटलाचा नांगर

हा कागद नीट बघा. तुकड्याला तुकडा जोडत लांबवलेला. मोडीतली मराठी, वर काझीचा फारसी शिक्का. 'हाजीर मजालस', म्हणजे सभेला हजर असलेले, म्हणून नावांची रांग, आणि गावकऱ्यांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी.

हा महजर. 'हजर' याच घराण्यातला शब्द. जे हजर होते, त्यांच्यासमक्ष झालेला निवाडा.

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, पुढे आदिलशाही, निजामशाही. दख्खनेत काझी नेमले गेले. मुसलमानांचे निकाह, वारसा शरियतप्रमाणे त्यांच्याकडे. पण इथलं हाडवैराचं भांडण असायचं वतनाचं. पाटीलकी कुणाची? वडीलकीचा मान कुणाचा? अरबी ग्रंथांत याचं उत्तर कुठून असणार? ते गावाला ठाऊक. म्हणून काझी मजालसीत बसायचा, आणि निवाडा करायचं गोत: देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार.

दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत. नोकरी सोडतानाचा नव्हे. 'गोत सांगेल त्याला आम्ही राजी' असा. मग तकरिरी, म्हणजे दोन्हीकडची लेखी निवेदनं, मग साक्षी. हरला तो येजितखत, म्हणजे हार कबूल असल्याचा कागद, लिहून देई; जिंकला तो सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरी.

साक्षींनीही गाठ सुटली नाही, तर दिव्य. आदल्या दिवशी हात धुऊन, नखं काढून, पिशवीत बांधून मोहोर करत. दुसऱ्या दिवशी कढईतल्या उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा. हात पुन्हा पिशवीत. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडायची. फोड दिसला की दावा खोटा.

शरियतेला साक्ष चालते, शपथ चालते. उकळतं तेल तिच्यात बसत नाही. तरी दिव्याच्या कागदांवर काझीचे शिक्के आहेत. याला काझीची हतबलता म्हणायला मी तयार नाही. शिक्क्यावाचून कागद दरबारात चालला नसता, गोतावाचून गावात.

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश आले. पेशवाईतही काझी राहिले, इनामं खात, निकाह लावत.

मग इंग्रज. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या कायद्यानं दिवाणी दाव्यांत मुलखाची वहिवाट आधी धरली, प्रतिवादीचा धर्मकायदा त्यानंतर. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा या मुसलमान व्यापारी जमातीतल्या मुलींनी बापाच्या मिळकतीत कुराणातला वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरींनी जमातीची चाल विचारली. चाल सांगत होती, मुलींना वारसा नाही. मुली हरल्या. तेच मेमण या दुसऱ्या मुसलमान व्यापारी जमातीच्या बाबतीत. गोत आता कोर्टात साक्षीदार म्हणून उभं होतं, आणि शिक्का इंग्रजाचा होता.

१९३७ च्या शरियत कायद्यानं वारशातली ही वहिवाट बाजूला सारली. शेतजमीन तेवढी वगळली.