छत्तीस गुण आणि वीस लाख

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? ठीक. कार्डावर विषय छापलाय 'प्रकल्प निवडीच्या आर्थिक आणि गुणांकन पद्धती', ते वाचूनच निम्मी गर्दी कमी झाली असणार, त्यामुळे जे आलेत त्यांचे आभार. मी कॉस्टिंगमधला माणूस, आयुष्य आकडेमोडीत गेलं, पण सुरुवात पत्रिकेपासून करतो.

पत्रिका जुळवताना गुण बघतात, ३६ पैकी किती जुळले. आता हे ३६ येतात कुठून ते कधी बघितलंय का? वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशीकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज करा, ३६. म्हणजे आठ निकष, प्रत्येकाला वेगळं वजन, १८ च्या खाली आलं तर स्थळ नको. मॅनेजमेंटच्या वर्गात ज्याला वेटेड स्कोअरिंग म्हणून फी घेऊन शिकवतात ते आपल्या घरात पंचांगाच्या मागच्या पानावर छापलेलं असतं. माझा पत्रिकेवर विश्वास आहे का हा प्रश्न नंतर चहाला विचारा, आत्ता फक्त तिची रचना बघा. आणि त्या रचनेतली खरी गंमत अशी की २८ गुण जुळले पण नाडी एक आली तर गुरुजी मान हलवतात, आणि दोन्ही घरांनी हॉलचा ॲडव्हान्स भरलेला असेल तर तेच गुरुजी परिहार शोधून देतात. हा परिहार लक्षात ठेवा, परत येणार आहे.

आता एक मित्राची गोष्ट. शिरोली एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतं, हा मशीनिंग करून देतो. मागच्या वर्षी वीस लाख हातात आले आणि डोक्यात दोन विचार. एक, नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंगचं मशीन, घ्यायचं, कारण एक कस्टमर म्हणतोय की मशीन घ्या, काम मी देतो. दुसरा, शेडच्या पत्र्यावर ४० किलोवॅटचं सोलर टाकायचं, कारण लाईट बिल बघून त्याला दर महिन्याला घाम फुटतो. तो कागद घेऊन माझ्याकडे आला, चहाचा गोल डाग पडलेला कागद, त्यावर दोन ओळी: व्हीएमसी, खर्च वजा जाता वर्षाला साडेसात लाख, पाच वर्षं. सोलर, वर्षाला साडेचार लाख बचत, वीस वर्षं. म्हणाला, सांग आता कुठलं.

पहिली पद्धत सगळ्यांना येते, पेबॅक, म्हणजे पैसे किती दिवसात सुटतात. व्हीएमसीचे पावणेतीन वर्षांच्या आत, सोलरचे साडेचार वर्षांच्या आसपास. व्हीएमसी जिंकलं. पण पैसे सुटल्यानंतर काय होतं हे पेबॅक बघतच नाही, तिसऱ्या वर्षानंतर मशीन भंगारात गेलं तरी त्याला पत्ता नाही.

म्हणून दुसरी, एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या उत्पन्नाची आजची निव्वळ किंमत. आज हातातले १०० रुपये आणि पाच वर्षांनी मिळणारे १०० रुपये एक नव्हेत, हे आपल्याकडे भिशी लावणाऱ्या बायकांना सुद्धा कळतं, पहिला नंबर लागावा म्हणून सगळ्या धडपडतात त्या उगाच नाही. १२ टक्के दर धरला तर पाच वर्षांनंतरच्या शंभराची आजची किंमत ५६-५७ रुपयेच. असं प्रत्येक वर्षाचं उत्पन्न आजच्या भावात आणायचं, बेरीज करायची आणि घातलेले वीस लाख वजा करायचे. व्हीएमसीचे उरतात सात लाख. सोलरचे उरतात साडेतेरा लाखांच्या वर. म्हणजे सोलर जिंकलं, तेही जवळजवळ दुपटीने.

तिसरी, आयआरआर, म्हणजे किती टक्के व्याज सुटल्यासारखं होतं. व्हीएमसी २५ टक्के, सोलर २२. परत व्हीएमसी! मित्र म्हणाला तुमच्या शास्त्राला काही आईबाप आहेत का. पण टक्क्याचं असं आहे की तो रक्कम आणि मुदत सांगत नाही, शंभर रुपयावर ५० टक्के कमावले तर हातात पन्नासच येतात, त्यात वडापाव होतील, घर होत नाही. आणि एनपीव्हीतही एक खोट राहिली होती, पाच वर्षांची गोष्ट आणि वीस वर्षांची गोष्ट शेजारी ठेवून मोजली होती. पाच वर्षांनी परत मशीन घेता येईल ना? म्हणून तो फायदा त्याच १२ टक्के व्याजाने वर्षावारी वाटून बघितला तर व्हीएमसी वर्षाला एक लाख ९५ हजार, सोलर एक लाख ८२ हजार. जवळजवळ बरोबरी. आता यात टॅक्स, घसारा, भंगाराची किंमत, इन्व्हर्टर मधेच बदलावा लागतो तो खर्च, हे काहीच धरलेलं नाही, ते धरलं की अजून हलेल.

इथे मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि विचारलं, हे पाच वर्षं कुठून आलं? म्हणाला, कस्टमर म्हणालाय. लेखी आहे? नाही. म्हटलं, चार वर्षं धरू, फायदा सातवरून पावणेतीन लाखांवर आला. तीन वर्षं धरू, दोन लाख तोटा. सगळा निकाल फॉर्म्युल्यात नव्हताच, त्या एका फोनवरच्या शब्दात होता, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं आमचं चाललेलं, मी तीन पद्धतींनी तुरी मोजत बसलेलो. तेव्हापासून माझी सवय अशी की उत्तर बघायच्या आधी विचारायचं, कुठला आकडा किती घसरला तर हे उत्तर उलटतं.

बरं, काही गोष्टींना किंमतच लागत नाही. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी १९६८ मध्ये रोस्किल कमिशन नेमलं होतं, त्यांनी चार जागा शेवटच्या यादीत घेतल्या आणि प्रत्येकीचा नफातोटा पौंडात मांडायला बसले, प्रवाशाचा वेळ सुद्धा पैशात. त्यातल्या कबलिंग्टनला विमानतळ झाला तर शेजारच्या स्ट्यूकली गावातलं नॉर्मन काळातलं चर्च पाडावं लागणार होतं. त्याची किंमत काय लावायची? तर आगीच्या विम्याची रक्कम धरली! आठशे वर्षांचं चर्च विम्याच्या कागदावर. लोक भडकले ते भडकलेच. १९७१ मध्ये बहुमताने कबलिंग्टन सुचवलं, कारण समुद्राकाठचं फाउलनेस लांब, प्रवाशांचा वेळ जातो आणि वेळेची किंमत हिशोबात भारी पडत होती. कमिशनमधल्या कॉलिन ब्युकॅनन या नगररचनाकाराने एकट्याने विरोधी मत लिहिलं. सरकारने मग फाउलनेस निवडलं, आणि १९७४ मध्ये तेही रद्द केलं. शेवटी वाढला तो स्टॅनस्टेड, जो त्या चार जागांत नव्हताच. एवढा हिशोब करून!

म्हणून लोक गुणांकनाकडे वळतात, जिथे पैशाबरोबर बाकीचंही बसतं. मित्राबरोबर तेही केलं. तीन निकष घेतले: पैसा, खात्री, धंदा वाढायला मदत. दहापैकी मार्क, व्हीएमसीला ८, ४, ७ आणि सोलरला ६, ९, ५. वजनं ५०-२५-२५ ठेवली तर व्हीएमसी ६.७५, सोलर ६.५०. पैशाचे फक्त दहा काढून खात्रीला दिले, ४०-३५-२५, तर व्हीएमसी ६.३५ आणि सोलर ६.८०. मार्क तेच, मशीन तेच, पत्रा तोच, नवरदेव बदलला.

आता परिहाराची गोष्ट. मी नोकरीत होतो तेव्हा एका ठिकाणी, नाव नाही घेत, पाच प्रस्तावांतून एक निवडायचा होता, मी रात्री जागून शीट केलं. सकाळी साहेबांनी बघितलं, त्यांच्या आवडीचा तिसरा आलेला. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'तो स्ट्रॅटेजिक महत्त्व वाला निकष आहे ना, त्याचं वजन जरा कमीच वाटतंय.' मी १५ चं २५ केलं. दुसरा आला. 'अजून जरा.' ३० केलं. पहिला आला. 'आता कसं बरोबर वाटतंय.' बोर्डात तेच शीट गेलं, रंगीत प्रिंट काढून, खाली माझी सही. मला त्या सहीची आजही लाज वाटते. साहेबांची निवड चुकलीच असेल असं नाही, पण मग तसं सांगायचं ना, की मला हा पाहिजे, शीटच्या गळ्यात का घालायचं.

तेव्हापासून मी वजनं आधी ठरवून घेतो, कुठले प्रस्ताव आहेत हे टेबलावर यायच्या आधी, आणि त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या. दुसरं, नाडीसारखे जे निकष आहेत त्यांना मार्क द्यायचेच नाहीत, त्यांचं दार करायचं. प्रदूषण मंडळाची परवानगी मिळणार नसेल तर बाकी दहापैकी दहा घेऊन काय करायचंय, दारातूनच परत पाठवा. बेरजेचा हाच दुर्गुण आहे की एकीकडचा जीवघेणा दोष दुसरीकडच्या चांगुलपणात विरघळून जातो. आणि एकच गोष्ट दोन नावांनी घालू नका, 'नफा' आणि 'मार्जिन' असे दोन कॉलम मी बघितलेत, एकाच माणसाने दोनदा मत दिल्यासारखं.

तुमच्यातले एकजण मघाशी हळूच विचारत होते, मित्राने शेवटी काय केलं. त्याने कस्टमरला फोन लावला, म्हणाला पाच वर्षांची ऑर्डर लेखी द्या, उद्या मशीन बुक करतो. पलीकडून 'बघतो, सांगतो' आलं, अजून सांगतायत. मग त्याच्या लक्षात आलं की व्हीएमसी अर्धं घेता येत नाही पण सोलर येतं, म्हणून २० किलोवॅटचं टाकलं. उरलेले दहा लाख मुलीच्या लग्नात गेले. गुण किती जुळले विचारलं तर म्हणाला, बघितलेच नाहीत, लव्ह मॅरेज आहे.